अंबाजोगाईच्या माडीवरची सागवानी जमीन

मार्चमध्ये काकांचा फोन आला. "माडीवरच्या फळ्या काढून टाकाव्या म्हणतोय. गवंडी म्हणतो, फळ्या तशाच राहू द्या, वर दोन इंच कोबा टाकू आणि टाइल्स बसवू, आठ दिवसांत काम संपंल. तू एकदा बघून जा." मी स्थापत्य अभियंता आहे आणि लातूरला असते. दुसऱ्याच रविवारी अंबाजोगाईला गेले. त्या भेटीपासून दीड वर्ष हे काम कसं चाललं, कुठं बरोबर ठरलं आणि कुठं माझंच चुकलं, ते इथं सविस्तर लिहिते आहे. मराठवाड्यात अशा लाकडी माड्या अजून बऱ्याच आहेत आणि त्यांच्यावर दर उन्हाळ्यात कोबा पडतो आहे.

वाडा निजामी राजवटीतला, १९३५च्या आसपास बांधलेला. खाली ढाळज, चौक, ओसरी आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्या डोक्यावर माडी, २२ फूट लांब आणि १२ फूट रुंद. दगडी भिंती, सागवानी तुळया, तुळयांवर सर, म्हणजे आडवी बारीक लाकडं, आणि सरांवर थेट फळ्या. मधे मातीचा थर नाही, खाली छत नाही. म्हणजे वरची जमीन हेच खालच्या खोलीचं आढं. फळ्या एकूण एकोणतीस, प्रत्येक साधारण नऊ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. खालून पाहिलं की मोठ्या करवतीनं हातानं चिरल्याच्या तिरप्या खुणा आजही दिसतात. लाकूड किनवटच्या जंगलातून बैलगाड्यांनी आलं, असं आजोबा सांगायचे.

वरची बाजू मात्र ओळखू येत नव्हती. भिंतीलगत फूटभर रुंदीचा लाल ऑइल पेंटचा पट्टा, मधे पन्नासेक वर्षांचा काळपट थर, खिळ्यांभोवती शाईसारखे काळे डाग, पत्र्यातून गळलेल्या पाण्याचे ओघळ आणि एका कोपऱ्यात चार बाय तीन फुटांचा चिकट, मधाच्या रंगाचा भाग. फळ्यांमधल्या फटींतून खालच्या स्वयंपाकघरातला उजेड दिसायचा. काकूंची खरी तक्रार तीच होती. वर कुणी चाललं की खाली पिठात, दुधात कचरा पडतो.

कोबा का नाही

गवंड्याचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. टाइल्स टाकल्या की फटी मिटणार, पुसायला सोपं होणार. पण मी कागदावर वजन मांडून दाखवलं. दोन इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो. वर टाइल आणि तिच्याखालचा मसाला धरून आणखी वीस-पंचवीस किलो. माडीचं क्षेत्रफळ साडेचोवीस चौरस मीटर. सगळं मिळून तीन टनांच्या आसपास जातं. सध्याच्या फळ्यांचं स्वतःचं वजन पाचशे किलोच्या आत आहे. म्हणजे त्या जुन्या तुळयांवर पन्नास माणसं रात्रंदिवस, कायमची बसवून ठेवल्यासारखं झालं असतं. शिवाय कोब्याचं पाणी फळ्यांत मुरलं असतं, आणि वरून बंद झालेलं लाकूड आतून कुजतंय की वाळवी खातेय हे कुणाला कळलंही नसतं.

काकांना आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट पटली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते याच माडीवर झोपले होते. इथं भिंतीला दोन तडे गेले, तेवढंच. पण किल्लारी-सास्तूरकडं जी सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदावरचा, म्हणजे सपाट लाकडी छतावरचा, मातीचा जाड थर अंगावर येऊन गेली. त्यानंतर आजोबांनी आमच्याही माळवदावरची माती उतरवली आणि पत्रे घातले. "अण्णांनी डोक्यावरचं वजन उतरवलं, आता आपण पुन्हा चढवायचं का?" असं काका स्वतःच म्हणाले. तो विषय तिथं संपला. फळ्या ठेवायच्या, घासून नीट करायच्या आणि पुढच्या महालक्ष्म्या माडीवरच बसवायच्या, असं ठरलं.

घासण्याआधीचं काम

लाकडी जमिनीचं अर्धं यश मशीन चालू होण्याआधीच ठरतं, असं माझं मत या कामानंतर पक्कं झालं आहे. मिस्त्री सत्तरीच्या घरातले, दोन पिढ्या सुतारकी केलेले. त्यांनी पहिले दोन दिवस नुसती टोचणी घेऊन प्रत्येक फळी वरून आणि खालून टोचून पाहिली. तीन फळ्यांच्या कडांना भुंग्याची बारीक छिद्रं होती आणि तीनही ठिकाणी ती फिकट, पांढरट लाकडातच होती. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, पण सालीलगतच्या पांढऱ्या भागात ती नसतात. तो भाग इतर कुठल्याही लाकडाइतकाच कच्चा असतो. तेवढ्या कडा तासून काढल्या आणि टाकणखार व बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोनदा पाजली. एक फळी गळतीखाली कुजली होती. तिच्याऐवजी गावातच पाडलेल्या एका जुन्या घराची सागवानी फळी मिळाली. नवं लाकूड आणलं असतं तर ते रंगानंही वेगळं दिसलं असतं आणि वाळताना त्याचं आकसणंही वेगळं झालं असतं.

खिळे लोहारानं घडवलेले, मोठ्या टोपीचे. एकेक खिळा ठोकून पृष्ठभागाच्या तीन मिलिमीटर खाली बसवला. दोनशेच्या वर खिळे होते आणि दोन दिवस गेले. हे टाळलं की सँडरचा, म्हणजे घासायच्या मशीनचा, पट्टा फाटतो. त्याहून वाईट म्हणजे ठिणगी उडून भुशाच्या पिशवीत जाते.

लाल पट्ट्याला मशीन लावू दिलं नाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण कायद्यानं ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत ९० भागांवर, आणलं ते २०१७ साली. त्याआधीच्या, विशेषतः लाल-पिवळ्या-हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता गृहीत धरूनच चालावं. तो थर पाण्यानं ओला करून हातानं खरवडला, खरवड पिशवीत भरून बंद केली, आणि ते तीन दिवस काकांच्या नातवंडांना वाड्यात येऊ दिलं नाही.

मधाच्या रंगाच्या त्या कोपऱ्यानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्याला घासायचा पॉलिश कागद लावला की अर्ध्या मिनिटात कागद चिकटून गुळगुळीत व्हायचा. मला वाटलं, कुणीतरी जुनं व्हार्निश सांडलं असेल. काकूंनी उलगडा केला. आजोबांच्या काळात घरच्या करडईचं तेल काढून आणायचे आणि डबे त्या कोपऱ्यात ठेवायचे. करडईचं तेल शेंगदाण्याच्या तेलासारखं ओलं राहत नाही. पातळ थरात, हवा लागून, वर्षानुवर्षं ते घट्ट होत जातं आणि डिंकासारखं बसतं. घासून ते निघत नाही, घर्षणानं तापून उलट मऊ होतं आणि पसरतं. मग धारदार पोलादी पात्यानं हातानं खरवडलं, टर्पेंटाइनच्या कापडानं तीनदा पुसलं आणि त्यानंतरच कागद लावला. चार बाय तीन फुटांना दीड दिवस लागला. तिथलं लाकूड आजही बाकीच्यापेक्षा एक छटा गडद आहे आणि मला ते तसंच आवडतं.

घासणी

मोठ्या शहरांत लाकडी जमिनीसाठी उभं राहून चालवायचं ड्रम सँडर भाड्यानं मिळतं. अंबाजोगाईत ते मिळालं नाही. चार इंची बेल्ट सँडर आणि कडांसाठी हातातलं ऑर्बिटल, एवढ्यावर काम करायचं ठरलं. पहिल्या दिवशी मिस्त्रींना लग्नाला जायचं होतं म्हणून बेल्ट सँडर चालवायला एक तरुण कारागीर आला. एप्रिलची दुपार होती आणि व्होल्टेज पडत होतं. मशीनचा वेग मंदावला की तो ते जागीच दाबून धरायचा, आणि वीज परत आली की पट्टा लाकडात रुतायचा. संध्याकाळपर्यंत पाच फळ्यांवर बशीसारखे खड्डे पडले होते. दुसऱ्या दिवसापासून वेळ पहाटे सहा ते अकरा अशी केली. तेव्हा वीजही बरी असते आणि माणूसही तापलेला नसतो. शिवाय नियम केला: मशीन चालू करूनच टेकवायचं, उचलूनच बंद करायचं, आणि टेकलेलं असेल तोवर पुढं सरकवतच ठेवायचं.

कागद ४० नंबरपासून सुरू केला; नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. पहिला हात तिरपा, कारण फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खोल अशी पन्हळ झाली होती. मग रेषांच्या दिशेनं पुन्हा ४०, नंतर ६०, ८० आणि शेवटी १२०. मधला एकही नंबर गाळला नाही. गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. १२०च्या पुढं मुद्दाम गेलो नाही, कारण लाकूड फार गुळगुळीत झालं की तेल पीत नाही. सव्वा इंचातला जेमतेम मिलिमीटरभर भाग गेला.

पन्हळ पूर्ण काढली नाही. जिन्याच्या तोंडाशी नव्वद वर्षांच्या पावलांनी दोन फळ्या मधोमध झिजल्या आहेत. त्या सपाट करायच्या तर बाकी सगळी जमीन तेवढी खाली आणावी लागली असती. मिस्त्री म्हणाले, "ताई, हे झिजणं नव्हं, ही वापराची खूण हाय. ऱ्हाऊ द्या." मी राहू दिली.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्यातून झालेला तो डाग खोल उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, आणि ते कुठं मिळेल म्हणून फार शोधावं लागलं नाही. फरशी पॉलिश करणाऱ्यांकडं त्याची पावडर असतेच. लिटरभर गरम पाण्यात शंभर ग्रॅम, ब्रशनं फक्त डागावर, वीस मिनिटं थांबून स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसायचं. हे विष आहे. हातमोजे घातले, आणि वाळल्यावर तिथं कागद फिरवताना मास्क काढला नाही. डाग ऐंशी टक्के गेले.

मे महिन्यात केलेली चूक

आता फटी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ४२ अंशांवर होता आणि फटी चार-चार मिलिमीटर उघडल्या होत्या. काकूंना कचरा पडायला नको होता. मलाही घासलेली स्वच्छ जमीन एकसंध दिसायला हवी होती. मी म्हटलं, घासणीचाच बारीक भुसा पांढऱ्या सरसात कालवून भरू. मिस्त्रींनी विचारलं, "कामून भरता? पावसाळ्यात ह्या फटी मिटतेत." मी ऐकलं नाही. जिन्याकडच्या दहा फळ्यांमधल्या फटी आम्ही गच्च भरल्या. बाकीच्या वेळेअभावी राहिल्या, हे नशीब.

हिशोब मला येत होता, तरी तो मी केला नव्हता. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. ओलावा एका टक्क्यानं बदलला की सागवान रुंदीत साधारण ०.२ टक्क्यांपर्यंत आकसतं किंवा फुगतं. माझ्या मीटरवर मे महिन्यात फळ्यांचा ओलावा सात टक्के होता, ऑगस्टमध्ये तेरा. नऊ इंची फळी म्हणजे २२५ मिलिमीटर. सहा टक्क्यांच्या फरकानं ती अडीच मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. एकोणतीस फळ्यांचं मिळून सत्तर मिलिमीटर, जवळपास तीन इंच. मराठवाड्याचा उन्हाळा इतका कोरडा आणि पावसाळ्यातली हवा इतकी वेगळी असते, की माडी वर्षात एकदा तीन इंच पसरते आणि एकदा आवरते. त्या फटी तिला पसरायला लागणारी जागा होत्या आणि मी ती जागा बंद केली.

तेल की पॉलिश

वरच्या थरासाठी तीन पर्याय होते. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, म्हणून जमिनीसाठी ते बाद. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, टणक असतं, चमकतं, आणि दुकानदारानं तेच सुचवलं. सागवान तेलकट असल्यामुळं पीयूआधी ते थिनरनं पुसावं लागतं, नाहीतर थर नीट धरत नाही. ते करता आलं असतं. मला अडचण दुसरी दिसली. पीयूचा थर फटीत उतरून शेजारच्या फळ्या एकमेकींना चिकटवतो. मग उन्हाळ्यात प्रत्येक फट थोडी थोडी उघडण्याऐवजी पाच-सहा फळ्या एकत्र आकसतात आणि एकाच ठिकाणी मोठी भेग पडते. कधी थर फाटतो, कधी फळीची कड. नव्या, घट्ट बसवलेल्या जमिनीला पीयू ठीक आहे. या माडीला नको, असं माझं स्पष्ट मत झालं.

म्हणून जवसाचं डबल बॉइल्ड तेल. पहिला हात अर्धं टर्पेंटाइन घालून पातळ केलेला, पुढचे दोन नुसत्या तेलाचे. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासानं न मुरलेलं तेल कोरड्या सुती कापडानं पूर्ण पुसून काढायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पुसलं नाही तर वर चिकट साय धरते. तिन्ही हातांना मिळून सात लिटरच्या आत तेल लागलं. पहिला हात फिरला आणि लाकडाच्या रेषा वर आल्या तेव्हा काका दारात उभे होते. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली, ती प्रत्येकानं लक्षात ठेवावी. पुसलेल्या कापडांचा बोळा कुणीतरी माडीच्या कोपऱ्यात टाकला होता. दोन-तीन तासांनी मी तो उचलायला गेले तर आतून हाताला चटका बसावा इतका तापलेला. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि त्यात उष्णता तयार होते. कापड पसरलेलं असेल तर ती उडून जाते, बोळा असेल तर आत साठत जाते आणि तो आपोआप पेटू शकतो. काडी ओढावी लागत नाही. लाकडी माडी, कोपऱ्यात भुसा, ४२ अंशांची हवा. मी बोळा चौकातल्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. नंतरची सगळी कापडं चौकात एकेक करून दोरीवर पसरली आणि कडक वाळल्यावरच टाकली.

पावसाळा आणि पुढं

ऑगस्टच्या शेवटी काकूंचा फोन आला. महालक्ष्म्यांसाठी माडी झाडताना दोन फळ्या पायाखाली वाजत होत्या. जाऊन पाहिलं तर भरलेल्या भागात भुशाची भर फटींतून वर उमळून आली होती, काही ठिकाणी तुकडे पडले होते आणि दोन फळ्यांनी खिळ्यांसकट कडा उचलल्या होत्या. न भरलेल्या एकोणीस फळ्यांत काहीच झालं नव्हतं. त्यांच्या फटी दीड मिलिमीटरपर्यंत मिटून शांत बसल्या होत्या. एकाच खोलीत, एकाच छताखाली दोन्ही गोष्टी समोरासमोर दिसत होत्या.

मिस्त्री एक शब्द लागट बोलले नाहीत. पातळ पटाशीनं तीन दिवस बसून सगळी भर उकरून काढली. आठवड्याभरात फळ्या खाली बसल्या. त्या वर्षी महालक्ष्म्या माडीवर बसल्या आणि खाली स्वयंपाकघरात आढ्याला जुनं धोतर ताणून बांधलं.

कचऱ्याचा प्रश्न तसाच होता. त्यावरचा उपायही मिस्त्रींनीच सांगितला: अंबाडीची सैल वळलेली दोरी. अंबाडीचा धागा दाबला की दबतो, सोडला की बराचसा परत फुगतो. पण ती बसवायची कधी? मे महिन्यात बसवली तर पावसाळ्यात फार आवळली जाते, पावसाळ्यात तर शिरतच नाही. "दम धरा, माघात बघू," ते म्हणाले. माघात फटी अडीच-तीन मिलिमीटर होत्या. बोथट पात्यानं दोरी दाबत पृष्ठभागाच्या दोन मिलिमीटर खाली बसवली, सरस किंवा खिळा काहीही न लावता. तीन ठिकाणी फट वेडीवाकडी होती. तिथं खालून सागवानी पट्टी मारली, पण खिळे पट्टीच्या एकाच बाजूला, एकाच फळीत. दुसरी फळी पट्टीवरून मोकळी सरकते.

घासणी, तेल आणि नंतरची दुरुस्ती धरून सगळा खर्च पन्नास हजारांच्या आत बसला. त्यातला मोठा वाटा मजुरीचा आहे आणि तो तसाच असायला हवा.

यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा मोजलं. दाराजवळच्या दोन फटींत, जिथं दुपारचं ऊन येतं, दोरी सैल होऊन खाली सरकली होती. तिथं जाड दोरी घातली. बाकी जागच्या जागी आहे. ऑगस्टमध्ये एकही फळी वाजली नाही. जिन्याच्या तोंडाशी तेल झिजून लाकूड कोरडं दिसू लागलं आहे, त्यामुळं दिवाळीआधी तेवढ्याच भागाला एक पातळ हात द्यायचा आहे. काकांनी जवसाचं तेल आणून ठेवलं आहे, आणि कापडं वाळत घालायची दोरी चौकात आत्ताच बांधली आहे.